ऐनाच्या सालीची कळशी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सत्यनारायणाच्या प्रसादावर आहे, तोही शिरा चांगला झाला असेल तर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वेगळंच वाटेल!

पाच-सहा वर्षांपूर्वी रत्नागिरीत एका खाजगी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमच्या डॉक्टरांनी भाजलेल्यांवरचा नवा उपचार विलायती मासिकात वाचला होता. टॅनिक ॲसिडचं पाणी जखमेवर पुन्हा पुन्हा फवारायचं. वर तपकिरी कवच धरतं, अंगातलं पाणी झिरपायचं थांबतं आणि रोगी वाचतो. यावर वाचनालयात त्यांचं व्याख्यानही झालं. हार, अध्यक्ष, आभार... सगळं यथासांग. भाजलेला माणूस तेवढा मिळायचा राहिला होता.

तो चैत्रात मिळाला. सकाळी आठला बंदरात एका लाँचच्या बॉयलरची नळी फुटली आणि पूर्णगडचा खलाशी धाकू छातीपासून मांड्यांपर्यंत वाफेनं भाजला. चौघांनी त्याला फळीवर घालून आणलं. आम्ही फवारायला लागलो — दर पंधरा मिनिटांनी. अकराच्या सुमाराला छातीवर कवच धरू लागलं, आणि बाटली संपली! दुसरी मुंबईहून बोटीनं यायची, परवा. इकडे नाडी बोटाला लागेना.

मी म्हणालो, "साहेब, ऐनाच्या झाडाच्या सालीत हेच द्रव्य असतं. मासे धरायची जाळी टिकावीत म्हणून लोक तिच्याच काढ्यात बुडवतात..."

"हा दवाखाना आहे," डॉक्टर कडाडले, "इथं जाळी रंगवत नाहीत!"

शिवाय साल उकळायला दोन-तीन तास लागतात. धाकूजवळ तेवढे नव्हते.

बारा वाजून गेले असतील. दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर तांब्याची कळशी, पाय गुडघ्यापर्यंत लाल धुळीनं माखलेले. धाकूची बायको, भागी.

"बंदरावर समजलं, हे हितं हायत. काढा आणलाय ऐनाच्या सालीचा. दोनदा गाळलाय फडक्यातनं."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.

"तुला आणायला सांगितलं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्यांनीच! पहाटे दारात उभे ऱ्हायले नि बोलले, काढा उकळ नि रत्नांग्रीस घेऊन ये. मी बोलले, जाळी तर परवाच झाली. तर बोलले, जाळ्यास नको, अंगास हवा."

मी काढ्याच्या नमुन्यात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. निळाकाळा रंग! अस्सल टॅनिन! काढा पुन्हा उकळला, निववला, फवारला... संध्याकाळी धाकूचं अंग जुन्या जाळ्याच्या रंगाचं झालं होतं, आणि त्यानं पेज मागितली! मी नाचायचाच बाकी होतो. डॉक्टरांनी पुढच्या व्याख्यानात याला 'स्थानिक द्रव्यांवरील माझा प्रयोग' म्हटलं. टाळ्या पडल्या.

मी मात्र चौकशीला लागलो. बाईला अपघाताची बातमी आधीच लागली असेल? पूर्णगडच्या वाटेवरच्या पावस गावच्या टपालवाल्यानं सांगितलं, ती कळशी घेऊन त्याला वाटेत भेटली ती साडेसातला. नळी फुटायला अर्धा तास होता! मग धाकू रात्री घरी जाऊन आला असेल? लाँचचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुख्य, हसला. "पंधरा दिवस बंदर सोडलेलं नाही त्यानं. पहाटे माझ्या शेजारी पडून घोरत होता." धाकूला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय ठाऊक, साल अंगास लावतात ते?"

बाईला स्वप्न पडलं म्हणावं, तर स्वप्नाला टॅनिक ॲसिड कुठून कळलं?

महिन्यानं धाकू चालत घरी निघाला, तेव्हा मी भागीला गाठलं. "अगं, अंगाला कशाला हवा, असं तरी विचारायचंस त्याला!"

"विचारीत बसले असते भाऊ," ती म्हणाली, "तर उशीर नसता झाला?"

मी अजून विचारीतच बसलो आहे.