गौरवग्रंथातला टोमणा

साताऱ्यात मी जन्मभर रोमचा इतिहास शिकवला. रोमच्याच एका जुन्या इतिहासकाराची खोड मला फार आवडायची. सम्राटाच्या घरात खून पडायचा आणि सभागृह देवांचे आभार मानायचा ठराव करायचं. हा गृहस्थ कुणाला शिव्या देत नसे. खून लिहायचा, त्याखाली ठराव लिहायचा आणि पुढं जायचा. लेकी बोले सुने लागे, तीच ही कला.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची पंच्याहत्तरी आली, गौरवग्रंथ निघाला आणि माझ्याकडे लेख मागितला गेला. त्याच वर्षी माझ्या मित्राची, आमच्याच कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची, कोयनानगरच्या शाखेत बदली झाली होती. मुलींच्या वसतिगृहाला पाणी का नाही, एवढंच त्यानं सभेत विचारलं होतं. इकडे घरी त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. बिचारा दर शनिवारी एसटीनं यायचा. मी आतून पेटलो होतो, पण निवृत्ती तोंडावर आलेली. उघड बोलायची छाती नव्हती. मग रोमन युक्ती काढली. ‘अध्यक्षांच्या काळात सभेत कधी मतभेद झाले नाहीत. ज्यांच्या मनात शंका आली, त्यांना त्यांनी कोयनेच्या निसर्गात चिंतनाची संधी दिली.’ लिहिताना मी एकटाच हसत होतो.

समारंभात निवेदकानं नेमकी हीच वाक्यं वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी माझा हात धरला. “सर, तुमी लय मनापासून लिवलंय!” शाल, नारळ, फोटो. सुनेला काही लागलंच नाही.

पुढच्या शनिवारी ग्रंथ घेऊन मित्राकडे गेलो. एक माणूस तरी ओळखेल, एवढीच आशा. झोपलेल्या बायकोच्या उशाशी बसून त्यानं लेख वाचला. आधी हसला, मग ग्रंथ मिटून मांडीवर ठेवला.

“कळलं का?” मी हळूच विचारलं.

“न कळायला काय झालं? बेस लिवलंयस,” तो म्हणाला. हा माणदेशी गडी, प्राध्यापक झाला तरी बोली सोडली नव्हती. “पर गड्या, नुसतं मलाच कळायचं हुतं, तर चहाला येऊन सांगायचंस. मोबाइलवर समदा कार्यक्रम बघितला मी. माझी बदली ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या रं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्याची बायको जागी झाली. कसलं पुस्तक आहे, तिनं विचारलं.

“काय न्हाई,” म्हणत त्यानं ग्रंथ पलंगाखाली सारला.