वहिनीच्या दारावरचा नंबर

कुठल्या तोंडाने सांगू, तेच कळत नाही! पण चहा घेता घेता तुम्हीच विषय काढलात ना, "तुमच्या मरोळचा नाला काय झकास केलाय हो, बाग काय, बाकडी काय!" म्हणून सांगतो. त्या बागेत माझाही हात आहे. कसा ते ऐकलंत, तर पुढचा कप तुम्ही माझ्यापुढे ठेवणार नाही.

आमची बैठी चाळ नाल्याला लागून. मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर होतो, आता रिटायर झालो. रिटायर माणसाला उद्योग दोनच. पेपर वाचायचा आणि लोकांचं भलं करायचं. पेपर अर्ध्या तासात संपतो. मग उरलेला दिवस काय करणार?

शेजारी सुलभावहिनी. माझ्याच खात्यातल्या गणपतची बायको. गणपत जाऊन बरीच वर्षं झाली. जाताना मला म्हणाला होता, "हिच्याकडे लक्ष ठेव रे." वहिनी खमकी बाई. मालवणची. घरी डबे करायची आणि स्वतः पायी जाऊन इस्टेटमधल्या कामगारांना पोचवायची. तिला कुणी लक्ष ठेवायची गरजच नव्हती. पण मी शब्द दिला होता ना!

अशात बातमी आली की नाला रुंद होणार. काठाने चालायला वाट, बाग, व्यायामाची यंत्रं. त्यासाठी सर्व्हे होणार.

सर्व्हे! मुंबईच्या चाळीत सर्व्हे म्हणजे काय, ठाऊक आहे ना? साहेब येतात, टेप लावतात, दारावर लाल रंगाने नंबर टाकतात. आणि दारावर नंबर पडला की सरकारकडून बदली घर मिळालं, हे आम्ही जन्मल्यापासून ऐकत आलोय. नंबरासाठी माणसं गावची लग्नं अर्ध्यावर टाकून धावत येतात. ज्याच्या दारावर नंबर नाही, त्याला आमच्यात कुणी माणसात धरत नाही. वर अशीही अफवा होती की घरं इथेच, साकीनाक्याच्या जवळ मिळणार. कुणी सांगितलं? सगळ्यांनी! म्हणजे कुणीच नाही.

सर्व्हेवाला आला. तरुण पोरगा, इंजिनीअर, घामाने भिजलेला. पुढच्या रांगेत सटासट नंबर टाकत आला आणि वहिनीच्या भिंतीपाशी थांबला. टेप बघितली. म्हणाला, "हे नाही बसत."

"नाही बसत म्हणजे?" मी पुढे झालो.

"रुंदीकरणाच्या रेषेच्या बाहेर आहे, काका. हातभर बाहेर."

"हातभरासाठी विधवा बाईला वगळता? लाज वाटत नाही?"

"काका, राहू द्या ना. नाही बसत, तेच बरं आहे."

आता माझी अक्कल बघा. तो पोरगा चांगला माणूस होता हो. त्याला जेवढं बोलता येत होतं तेवढं बोलला. मला काय वाटलं? हा आमचा हक्क खातोय!

"बरं कुणाला? तुम्हाला बरं!" मी असा गळा काढला की सगळी चाळ जमली. माझं घर तर आणखी मागे, ते बसण्यातलं नव्हतंच. म्हणजे माझा त्यात काही स्वार्थ नाही, हे मी चार वेळा ओरडून सांगितलं. तो बिचारा कंटाळून म्हणाला, "मग वॉर्ड ऑफिसला लेखी द्या."

द्या म्हणाल्यावर मी सोडतोय होय!

वहिनी भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "भावजीनू, कित्या ह्या सगळा? माका खय जावचा नाय. माझे डबे हयसरच जातत."

"अहो वहिनी, हक्काचं घर मिळेल. पक्कं! लिफ्टवालं!"

"ह्या काय कच्चा आसा?"

"तुम्हाला नाही कळायचं. सही करा."

पिठाचे हात पुसून तिने सही केली. अर्जात मी लिहिलं होतं, 'सदर घर नाल्याच्या हद्दीत असून दर पावसाळ्यात आत पाणी शिरते. राहण्यास अत्यंत धोकादायक आहे. तरी सदर घराचा समावेश करण्यात यावा, ही विनंती.' पाणी? त्या घरात कधी थेंब शिरला नव्हता. गणपतने उंबराच असा उंच बांधला होता की पाहुणे अडखळायचे. पण म्हटलं, अर्जाला जरा वजन हवं!

तीन खेपा घातल्या आणि नंबर आणला. सत्तेचाळीस. मी चाळभर पेढे वाटले. खरं सांगू? जरा जळलोही. माझं दार आपलं कोरं. वहिनी मात्र ओलं फडकं घेऊन आली. "दार घाण केल्यानी," म्हणाली. मी तिचा हात धरला, "पुसू नका, वहिनी! लक्ष्मी आहे ती!"

मग नोटीस आली. नंबर पडलेली घरं पाडणार. बदली घर माहुलला.

माहुल! कुठे मरोळ, कुठे माहुल! रिफायनऱ्यांच्या शेजारी. तिथून डबे कुणाला पोचवणार, आणि कसे? वहिनी एकच वाक्य बोलली, "म्हंजे माझे डबे बंद."

मी म्हटलं, काळजी करू नका, मी आहे ना. सुनावणीला मीच बरोबर गेलो.

सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी नकाशा उघडला. "मूळ रेषेत हे घर नव्हतंच. पाडण्यातून वाचलं होतं. यांनीच अर्ज करून घालून घेतलंय." आणि माझा अर्ज काढून खणखणीत आवाजात वाचला. 'अत्यंत धोकादायक' वर जरा थांबल्या.

मी म्हटलं, "मॅडम, ते पाण्याचं खोटं आहे."

"म्हणजे सरकारी ऑफिसात खोटं लिहून दिलंत?"

आता काय बोलणार? हो म्हटलं तरी मेलो, नाही म्हटलं तरी घर गेलं. आयुष्यात जिथे बोलायचं, तिथे एकदाच गप्प बसलो तो तिथे! वहिनीने नकाशा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पिशवी उचलली आणि "चला" म्हणाली.

घर पडायला काही वेळ लागला नाही. गणपतचा उंबरा तेवढा निघेना, मशीनने तीनदा दात मारले. मी घरातून बघत होतो. बायको म्हणाली, "बघा, नीट बघा. तुमचंच काम आहे."

तिथे आता बाकडं आहे. सकाळी म्हातारे बसतात. "तुझी लॉटरी लागली रे, दारात बाग!" म्हणतात. मी त्या बाकड्यावर बसत नाही.

मध्ये एकदा माहुलला गेलो. सातवा मजला, लिफ्ट बंद. वहिनीने दार उघडलं. खिडक्या घट्ट लावलेल्या, तरी वास आत होताच. ओट्यावर एका माणसाचा भात होता. डब्यांची चळत माळ्यावर, कागदात गुंडाळून. मला भडभडून आलं.

म्हटलं, "वहिनी, मी उद्याच वरच्या ऑफिसात जातो. पुन्हा अर्ज करतो. तुम्हाला परत मरोळला आणतो, बघाच!"

तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि हात जोडले. खरोखर जोडले. "भावजीनू, तुमच्या पाया पडतंय. आता माझ्यासाठी कायएक करू नकात."

एवढ्या वर्षांच्या शेजारात त्या बाईने माझ्याकडे स्वतःहून मागितलेली ती पहिलीच गोष्ट. बाकीचं सगळं तिच्यासाठी मीच मागितलं होतं.