प्लॅस्टिकचा मेंदू

अभ्यास मंडळाच्या बैठकीत अनघाने प्लॅस्टिकचा मेंदू टेबलावर ठेवला आणि संत्रं सोलावं तितक्या सहज त्याचे भाग सुटे केले. सगळे चहा विसरून बघत राहिले. मीही बघत होते, पण तिच्या बोटांकडे.

अनघा माझीच विद्यार्थिनी. आता आमच्याच विभागात शिकवते, आणि बी.ए. मानसशास्त्राचा नवा अभ्यासक्रम तिच्या म्हणण्याने मेंदूभोवती बांधला जातोय. माझा व्यक्तिमत्त्वाचा पेपर ऐच्छिक झाला, त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. मी आयुष्यभर स्मृती शिकवली ती फळ्यावर खडूने चौकोन काढून. ही बया स्मृतीचा तुकडा तळहातावर घेऊन दाखवते. माझा नुसता जळफळाट झाला. विद्यार्थी लांब कुठे परगावी पुढे गेले की किती बरं वाटतं! शेजारच्या खुर्चीवर बसून पुढे गेले की टोचतं.

न राहवून मी विचारलं, "मग यात मत्सर कुठे असतो गं?"

वाटलं, अडेल. ती हसली. "एका जागी नाही सापडत, मॅडम. म्हणून तर भावनांचं प्रकरण तुमच्यासाठी ठेवलंय. तुम्ही शिकवलेला मत्सर मला अजून आठवतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. तिने मेंदू जोडून खोक्यात ठेवला. मत्सराची जागा मी मात्र बोट ठेवून दाखवली असती. गळ्याच्या जरा खाली, जिथे चहाचा घोट अडकला होता.