वैशालीने फुंकलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईलाही नाही — तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा अगदी ओठांवर आलं होतं, पण तिने नेमकं पाणी मागितलं आणि राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी राहू दिलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना मी चांगली बाई वाटते. आणि सगळ्यांत जास्त जिला वाटते, तिच्याबद्दलच हे आहे.

धायरीत आमची धातू तपासायची लॅब आहे. गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखानदार तुटलेला बोल्ट, दात उडालेला गिअर घेऊन यायचे आणि तो का तुटला ते आम्ही सांगायचो. दिवस तेजीचे होते. चाकणला नवे कारखाने, हिंजवडीला नव्या काचेच्या इमारती — आणि आमच्या सरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घेतला. तोवर असं यंत्र म्हणजे अख्खी खोली व्यापणारं, एखाद्या मोठ्या संस्थेतलं, नंबर लावून आठवडेच्या आठवडे वाट पाहायला लावणारं. आमचं मात्र घरातल्या ओव्हनपेक्षा थोडंसं मोठं. नमुना आत ठेवायचा, यंत्र आतली हवा ओढून घेतं, आणि जरा वेळाने पडद्यावर तुटलेल्या पोलादाच्या डोंगरदऱ्या दिसायला लागतात. सरांनी नारळ फोडला तो खोलीच्या बाहेर, आत पाणी उडायला नको म्हणून.

त्या खोलीला खिडकी नव्हती. एसीची घरघर, एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर मी, दुसरीवर वैशाली.

वैशाली भंडाऱ्याकडची. नागपूरला धातुशास्त्र शिकली, नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्यात आली, वारज्याला भाड्याने राहायची. मुलगी नुकती चालायला लागली होती. वडील पोस्टात होते आणि त्यांच्या घरात इंजिनिअर झालेली ती पहिली, हे तिने मला सुरुवातीलाच सांगितलं — मिरवायला नाही, मी विचारलं म्हणून. यंत्र तिला मी शिकवलं. ती मला ताई म्हणायची. आणि वर्षभरात ती माझ्यापेक्षा चांगली झाली.

इथे जरा थांबते. एवढं एक वाक्य लिहायलाच मला इतकी वर्षं लागली.

तिला दिसायचं हो. मी ज्या तुटलेल्या पृष्ठभागावर नुसती भटकत राहायचे, तिथे भेग नेमकी कुठून सुरू झाली ते ती शांतपणे शोधून काढायची. गिऱ्हाइकं फोनवर विचारायला लागली, मॅडम आहेत का? मी म्हणायचे, बोलतेय. की लगेच — नाही, त्या दुसऱ्या मॅडम. मी हसून फोन तिच्याकडे द्यायचे. हसायचे, हे खरं आहे. हसताना आत काय व्हायचं, ते सांगायलाच तर बसलेय.

त्या यंत्राला भीती फक्त एकाच गोष्टीची, सुट्या पावडरची. पावडरचा नमुना असला की चिकटपट्टीवर चिमूटभर लावायची, उलटं धरून टिचकी मारायची आणि रबरी फुंकणीने फुंकून सुटे कण उडवून टाकायचे. नाहीतर हवा ओढली जाताना ते आत उधळतात. लोखंडाचे असले तर आणखी वाईट; आतलं भिंग चुंबकाचं, ते त्यांना खेचूनच घेतं. हे वैशालीला मीच शिकवलं होतं. चारचारदा बजावून.

त्या दिवशी सकाळी तिने लोखंडाच्या पावडरचा नमुना पाहिला. मी शेजारीच होते. तिने टिचकी मारली, फुंकलं, उजेडात धरून निरखलं, परत फुंकलं. चित्र स्वच्छ आलं. मी पाहिलं. एवढं लक्षात ठेवा — मी पाहिलं.

दुपारी ती जेवायला गेली आणि त्याच गिऱ्हाइकाचा फोन आला. दुसऱ्या पुडीतली पावडरही बघून ठेवा म्हणाला, त्या मॅडमना सांगा. मी म्हटलं, मीच बघते. ती परत यायच्या आत मला ते करून दाखवायचं होतं. कुणाला? चिमूट लावली, नमुना आत सरकवला, दार लावलं. फुंकलं नाही. रागात होते, विसरले. चित्र आलं ते थरथरत, मग ताणलेलं, मग धुरकट. मला तेव्हाच कळलं. एकही फोटो साठवला नाही. नमुना काढून पुसून टाकला, सगळं होतं तसं ठेवलं आणि डबा घेऊन जेवायला गेले. वैशालीच्या शेजारीच बसले. तिने मला जवसाची चटणी वाढली.

जेवून आल्यावर तिने गिअरचा तुटका दात आत ठेवला आणि पडद्यावर काही म्हणजे काही उमटेना.

बंगळूरहून यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने यंत्र उघडलं आणि कापसाच्या बोळ्यावर आतली काळी पावडर घेऊन सरांपुढे धरली. त्या सकाळी चित्र नीट आलं असलं तरी कण कधीकधी नंतर सुटतात, असंही तो म्हणाला. सर ओरडणारे नव्हते. "आपण मायक्रोस्कोप घेतला होता," ते म्हणाले, "पिठाची गिरणी नव्हे." मग माझ्याकडे वळले. "अनघा, त्या दुपारी तू काही लावलं होतंस?"

"नाही सर."

एवढ्यावर थांबले असते तर? तर काय, एवढंही पुरेसं होतं. पण मी पुढे म्हणाले, "त्या सकाळी वैशालीने पावडर पाहिली होती."

वाक्य खरं होतं. म्हणून तर इतक्या सहज बोलता आलं. आणि सगळ्यांना किती पटकन पटलं. तिला कुणी धड प्रश्नही विचारला नाही. तिच्या आडनावावरून आमच्याकडे कधी कुणी काही बोललं नव्हतं. त्या दिवशीही बोललं नाही. फक्त लगेच पटलं. मी नारायण पेठेतली, सर माझ्या वडिलांचे शाळासोबती — माझ्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येणार नव्हतं. आणि हे मला तोंड उघडायच्या आधीपासून माहीत होतं.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. हा त्यातला सोपा भाग. भ्यायले, खोटं बोलले — माणसं बोलतात.

सगळे गेल्यावर वैशाली त्या खोलीत बसून राहिली. रडत नव्हती. आठवत होती. मी दार लोटून आत गेले, तशी म्हणाली, "ताई, तुम्ही इथेच होत्या ना? मी फुंकलं होतं ना?" तिला साक्ष हवी होती. नोकरीसाठी नाही, सरांसाठी नाही — स्वतःसाठी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने ठेवला, आणि म्हणाले,

"घाईत राहून जातं गं एखाद वेळी."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला आता खरंच आठवून नाही राहिलं, ताई."

हे. हे मी केलं. जे तिने केलं होतं, ते मी तिच्या आठवणीतून काढून घेतलं.

तिची नोकरी मीच वाचवली. सरांकडे जाऊन शब्द टाकला, हे ती आजही लोकांना सांगते. तिला यंत्रावरून उठवून खालच्या शेडमध्ये धातूंचा कठीणपणा मोजायच्या कामावर बसवलं, आणि यंत्र एकट्या माझ्याकडे आलं. तेव्हा मला काय वाटलं? वाईट वाटलं, असं लिहायला हात वळतोय. सुटल्यासारखं वाटलं. फोन आला की आता मॅडम एकच होती.

वर्षभरात तिने लॅब सोडली, सॉफ्टवेअर तपासायचा कोर्स केला आणि हिंजवडीला लागली. चांगलं चाललंय तिचं, वारज्यालाच स्वतःचा फ्लॅट झाला. आमचं येणंजाणं तुटलं नाही. मी तोडायला बघायचे, पण ती तोडू देईना. तिच्या घरी गेलं की दिसतं — गॅस बंद केलाय का ते ती पुन्हा पुन्हा जाऊन पाहते, कुलूप लावून खाली उतरते आणि परत वर चढते. नवरा चिडवतो, तीही हसते. माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणते. ती अशी कधीपासून झाली, हे फक्त मला माहीत आहे.

मग तिची मुलगी, मैत्री, बारावी झाली. तिला धातुशास्त्रच घ्यायचं होतं. लहानपणी मी तिला आमच्या पडद्यावर मिठाचा कण दाखवला होता, मुंगीचा पाय दाखवला होता. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. वैशाली काही केल्या तयार होईना. शेवटी मला बोलावलं. मी सोफ्यावर मध्ये, दोन्हीकडे दोघी. वैशाली म्हणाली, त्या कामाला हात लागतो, आणि तो आपल्या घरात नाही, विचार तुझ्या मावशीला, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मैत्री माझ्याकडे वळली. "मावशी, खरंच आईकडून झालं होतं ते?"

किती लागले असते? दोन शब्द. तिची आई समोर बसली होती, इतक्या वर्षांनंतरही ओशाळलेली. मी चहाचा कप उचलला. म्हणाले, "जुनं कशाला उगाळायचं? कॉम्प्युटरला स्कोप आहे गं."

वैशालीने माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं, की मला तिथून उठून जाता येईना आणि बसवेना.

मैत्री कॉम्प्युटरला गेली. मार्क बरे पडतात. तक्रार करत नाही. मला भेटली की पूर्वीसारखं यंत्राबद्दल काही विचारत मात्र नाही.

काल वैशालीचा फोन आला होता. परवा वैशाखी पौर्णिमा. ताई, खिरीला यायचंच, मैत्रीही हॉस्टेलवरून येतेय. मी जाईन. ती आलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून देईल, मग माझी चूक ताईंनी कशी सांभाळून घेतली ते सांगेल, आणि मी मान खाली घालून ऐकेन. लोकांना तो माझा विनय वाटेल. मी काही बोलणार नाही. हे मला आजच माहीत आहे.