हातमोज्यात राहिलेलं टोक

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका शेडमध्ये वीस माणसं लोकरीच्या अस्तराचे चामडी हातमोजे शिवत बसलेली. मोजे आजच्या तऱ्हेचे नव्हतेच. पाच-सहाशे वर्षांपूर्वी युरोपातले शिकारी घालत तसले: अंगठ्याला एक घर, पहिल्या बोटाला एक आणि उरलेल्या तिन्हींना मिळून एक. तिकडच्या जुन्या किल्ल्यांवर लोक जुने पोशाख घालून जत्रा भरवतात, तिथे हा माल जायचा. मशीनची एक टीप दिसली तरी माल परत. सगळं काम हातानं.

महादूला ते जड गेलं नाही. त्याचे वडील मिरजेत टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचे. मेणवलेला दोरा आणि आरी हीच त्याची शाळा. टांगे संपले तसं कामही संपलं आणि सत्त्याण्णव साली तो शारजाला आला. मात्र वडील पन्नाशीच्या आतच आंधळे झाले होते. शेवटी शेवटी ते चाचपून शिवायचे. आरी चामड्यात घुसायची, तशी तळहातातही घुसायची. ते रक्त महादूनं पाहिलं होतं. इथे कुणाला तो त्याबद्दल बोलला नव्हता.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात त्याला सुईत दोरा ओवता येईना. वय चव्वेचाळीस. तो मुद्दाम हात मेणानं माखून ठेवायचा आणि शेजारच्या मेजावरच्या हनीफला म्हणायचा, "हनीफभाई, जरा ओव दो ना, हाथ गंदा है." हनीफ ओवून द्यायचा. पण एप्रिलमध्ये हात थरथरतात म्हणून एका कारागिराचा व्हिसा पंधरा दिवसांत खलास झाला होता. तेव्हापासून सुपरवायझर मृणालिनी मॅडम मेजाजवळून गेल्या, की महादू सुई खाली ठेवून नुसतंच चामडं पुसत बसायचा.

जूनमध्ये लहान मापाच्या मोज्यांची ऑर्डर आली. किल्ला बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांनी ते हातात घालून बघायचे होते. सोमवारी दुपारी महादूचा अंदाज चुकला, शिवणीच्या जाड भागात सुई अडकली, त्यानं जोर लावला आणि सुई कट्कन मोडली. हातात अर्धीच राहिली.

नियम साधा होता. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे मॅडमना दाखवायचे, मगच नवी सुई. टोक सापडलं नाही तर अख्खा माल थांबणार. आणि मग पहिला प्रश्न, मोडली कशी? दिसलं नाही का?

महादूनं हातातला मोजा झटकला, मेज चाचपलं, फरशीवर तळहात फिरवला. टोक नव्हतंच. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, घरून आणलेली सुई पिशवीतून काढली आणि पुढे शिवत राहिला. संध्याकाळी तो मोजा त्याच्या आठवडाभराच्या साठ मोज्यांत मिसळून खोक्यांत गेला, टेप लागली. बुधवारी कंटेनर निघणार होता.

मंगळवारी मॅडम आपल्या सहा वर्षांच्या मुलीला, आभाला, घेऊन आल्या. शाळेला सुट्टी, अल नहदाच्या फ्लॅटवर कुणी नाही. पोरगी मेजांमधून फिरली, नमुन्याला ठेवलेला एक छोटा मोजा तिनं उचलला आणि हात आत सारला.

"मम्मी, लुक! इट्स सो सॉफ्ट!"

"काढ तो!" महादू किंचाळला. "काढ! हात बाहेर काढ!"

आभा रडायला लागली. मॅडम धावत आल्या. "महादू, हे काय? लहान मुलीवर ओरडता?"

महादूनं मोजा आभाच्या हातातून ओढून घेतला. "मॅडम, सुईचं टोक आहे. माझ्या मोज्यांत. कुठल्यात, ते ठाऊक नाही."

"कधी मोडली?"

"काल."

"काल? आणि मला आज सांगताय?" मॅडमचा आवाज चिरकला. "त्या पॅकिंग लिस्टवर माझी सही आहे, महादू! मुलं घालणार आहेत ते!"

आभानं घातलेला मोजा आधी तपासला. तो हनीफनं शिवलेला होता, त्यात काही नव्हतं. मग अकरा नंबरची, म्हणजे महादूची, सगळी खोकी फोडली. हनीफनं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून प्रत्येक मोज्यावरून फिरवलं. जाड लोकर आणि चामड्यातून काही कळेना.

"मी बोटानं बघतो," महादू म्हणाला.

लहान मोज्यात त्याचा पंजा मावत नव्हता. एकेका घरात तो एकेक बोट घालायचा आणि अस्तर चौफेर दाबायचा. प्रत्येक वेळी बोट आत जाण्याआधी थांबायचं. जोरात दाबलं नाही तर टोक सुटेल, दाबलं तर घुसेल. घामानं लोकर ओली होऊ नये म्हणून हनीफ त्याचा हात पुसत होता. तिसावा मोजा झाला, चाळिसावा झाला. मॅडम शेजारी उभ्या राहून मोजत होत्या. सत्तेचाळिसाव्याच्या अंगठ्याच्या घरात काहीतरी चावल्यासारखं झालं. त्यानं बोट बाहेर काढलं. नखाखालून रक्त येत होतं आणि टोक कातडीतच रुतलेलं होतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "दोरा कोण ओवून देतं तुम्हाला? खरं सांगा."

महादूनं मान खाली घातली. पहिल्यांदाच त्यानं वडिलांचं सांगितलं.

"मला वर कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

"मग मला पाठवतील."

"ते मला ठाऊक नाही. आधी डोळे दाखवा."

तपासून झाल्यावर डॉक्टर हिंदीत म्हणाले, जवळचं दिसत नाही ती नुसती चाळिशी आहे, चष्म्यानं भागेल. महादू हसणार, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "लेकिन आँख का प्रेशर ज्यादा है. काला मोतिया की शुरुआत." म्हणजे काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली औषधाच्या थेंबांनी टिकते. आणखी काही वर्षं लपवलं असतं, तर हाती काही उरलं नसतं.

मॅनेजरनं त्याला शिवणीवरून काढलं, पण घरी धाडलं नाही. मॅडमनी त्याच्यासाठी दोनदा शब्द टाकला होता. त्याला चामडं निवडण्याच्या मेजावर बसवलं. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त होतं. शिवणीएवढी शान त्यात नव्हती. चष्मा लावून तो तिथे आणखी पाच वर्षं राहिला, थेंब एक दिवस चुकवला नाही.

भीती मात्र गेली नाही. रोज सकाळी कामगारांची बस फाटकाशी आली, की महादू रांगेत उभा राहून आधी डावा डोळा झाकायचा आणि बसचा नंबर वाचायचा. मग उजवा झाकायचा, पुन्हा वाचायचा. मागचे लोक "यल्ला, यल्ला" करत ढकलायचे. दोन्ही डोळ्यांनी तोच नंबर आला, की मगच तो पायरीवर पाय ठेवायचा.