काकांचा हिरवा कोपरा

आमच्या थोरल्या काकांइतकं अगत्य अख्ख्या औसा तालुक्यात कुणाकडे नव्हतं, आणि त्यांच्याइतकं मला आयुष्यात कुणी वैतागवलेलंही नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला शेत दाखवायचं, आणि त्यातलं चांगलं तेवढंच दाखवायचं, हा त्यांचा नेम. पुतणीला बघायला आलेल्या सोयऱ्यांना त्यांनी भर उन्हात बांधाबांधानं इतकं हिंडवलं की मुलाचे वडील मुलगी न बघताच बाजेवर आडवे झाले. वाटेत वाळलेली तूर लागली की काका तिच्यापुढं आडवे उभे राहून पाहुण्याला आभाळातले बगळे दाखवत. शेजारचं माझं शेत बरं दिसत असलं, तर तेही आपलंच म्हणून दाखवून मोकळे होत.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तो जणू यांनीच आणला अशा थाटात काका गावभर फिरले. पण त्या साली पावसानं दगा दिला आणि ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागीच करपली. सरकारी अनुदान मिळालं तरच जनावरांना कडबा घेता येणार होता, नाहीतर त्यांना बाजार दाखवायचा. त्यासाठी साहेब येऊन आणेवारी करणार होते, म्हणजे शेतातला एक तुकडा कापून, तोलून, गावाचं पीक किती बुडालं ते ठरवणार होते.

साहेब आले त्या दिवशी नेमका मी औशाला गेलो होतो. काकांनी त्यांना थेट विहिरीलगतच्या कोपऱ्यात नेलं. विहिरीच्या तळाचं पाणी रोज कळशीनं घालून त्यांनी तेवढाच कोपरा हिरवा ठेवला होता. साहेबांनी तोच कापला, तोलला आणि "गावाचं बरं आहे की!" म्हणून जीपमध्ये बसले.

"काका, काय करून ठिवलं हे?" मी कपाळावर हात मारला.

"आरं, नव्या जिल्ह्याचा साहेब पयल्यांदा शिवारात आला. त्याला करपल्यालं दाखवायचं व्हय? काय म्हनंल त्यो?"

"अनुदान गेलं की गावाचं!"

"आन् गावाची इज्जत?"

गाव ओट्यावर येऊन शिव्या देत होतं आणि काका प्रत्येकाला चहा पाजत होते. मग एका सकाळी शेजारच्या सुभद्राबाई आपली देवणी गाय घेऊन बाजाराच्या वाटेला लागल्या. हीच गाय काका पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे. हातातली कपबशी खाली ठेवून ते उठले.

"बाई, गाय माघारी न्या. माज्याकडं हाय तेवढा कडबा घिऊन जावा," एवढंच म्हणाले आणि लातूरची गाडी धरली.

साहेबांना ते स्वतः घेऊन आले. या वेळी मी सोबत होतो. काकांनी त्यांना रानाच्या मधोमध उभं केलं.

"साहेब, त्यो कोपरा म्या कळशीनं पाजल्याला हाय. खरं रान ह्ये. कायबी न्हाई आलं बघा."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे तोंडातून काढलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

अनुदान मिळालं. सुभद्राबाईंची गाय दावणीलाच राहिली. पुढं पाऊसही बरा झाला, ज्वारी डोक्याच्या वर गेली. पाहुणे आले की मी मुद्दाम म्हणायचो, "काका, रान दाखवा की."

"काय बघायचंय त्यात?" म्हणून ते चहा सांगायचे.

मग पाहुण्यांना घेऊन मीच निघायचो. वाटेत वाळलेलं काही लागलं की उगीच आभाळाकडे बघायचो, आणि काका मागून येतात का म्हणून वळून पाहायचो.