नवरीविना लिहिलेला चौक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सोमीला, माझ्या बायकोला, तर नाहीच – आणि आता सोमीच नाही.

आम्ही वारली, डहाणूकडचे. दिल्लीत मी सरकारी कचेरीत शिपाई, राहायला सरोजिनी नगरात साहेबांच्या क्वार्टरमागची खोली. आमच्यात लग्न असलं की सवाशिणी घरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मधे देवी. देवी आली की लग्न लागतं. लग्न नाही तर चौक नाही. एवढं साधं! पण शिकलेल्यांना कळत नाही. त्यांना देवी पडद्यावर पाहिजे, चहाच्या कपावर पाहिजे. वर म्हणतात, तुमची कला आम्ही जिवंत ठेवतो. जिवंत? देवीला शोकेसमध्ये बसवलं, हे जिवंत?

गुडगाव तेव्हा नुकतं उगवत होतं. साहेबांचा मेहुणा तिथं फ्लॅट बांधत होता. गिऱ्हाइकांना दाखवायच्या फ्लॅटात त्याला भिंतभर चौक हवा. साहेबांनी सोमीला बोलावलं.

"नवरी कोन हाय?" तिनं विचारलं.

"अगं, नवरी कसली? डेकोरेशन आहे."

ती उठूनच आली. मला म्हणाली, "तो साहेब असंल. देवी काय त्याची शिपाई हाय?"

माझी नोकरी कच्ची होती. साहेब म्हणाले, "समजाव यार तिला. तुझी फाइल माझ्याकडेच आहे."

आणि मी? – शिव्या मी त्यांना आजही घालतो. पण त्यांनी निदान खरं सांगितलं होतं. खोटं मी बोललो. सोमीला म्हटलं, साहेबांना माहीत नाही, मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलंय.

सोमी उपाशीपोटी लिहायला बसली. एकटीच गात होती – सोबत गायला तिथं दुसरी सवाशीण कुठली? वऱ्हाड कुठाय, विचारलं. संध्याकाळी येतंय, म्हटलं. चौक झाल्यावर तिनं हात जोडले, न पाहिलेल्या मुलीसाठी.

माझी नोकरी पक्की झाली. फ्लॅट विकला गेला. नव्या मालकानं भिंतीला डिस्टेंपर फासला.

सोमी मात्र विचारायची – ती पोर नांदते ना नीट? चौक मी लिहिलाय तिचा. नांदते, म्हणायचो. एकदा म्हटलं, तिला मुलगी झाली. हिनं शेजारीपाजारी गूळ वाटला. मीही खाल्ला. लाज वाटली? नाही. सुटलो, असं वाटलं.

शेवटी ती हॉस्पिटलात होती, पण शुद्धीत. म्हणाली, "त्या पोरीची पोर आता लग्नाची झाली असंल. मी तर निघाले. तिचा चौक कोन लिहील?"

पलंगाशी आम्ही दोघंच होतो. वेळही होता.

मी म्हणालो, "लिहील कोणीतरी. तू झोप."